सामना, बातम्या आणि गाणं: कानसेनांसाठी दिवसाची मांडणी

टीव्हीवर सामना, मोबाइलवर ब्रेकिंग न्यूज आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर कुणाचा तरी यमन राग, हे एकदम चालू ठेवलं की तिन्ही वाया जातात. समालोचक बोलत असताना बंदिशीचे शब्द कानात शिरत नाहीत आणि बंदिशीत मन गेलं की विकेट हुकते. तेव्हा तिघांना वेगवेगळी वेळ द्या. खेळाचे नियम इतके काटेकोर आहेत की ती वेळ आधीच बांधता येते.

मध्यंतराचं गणित

कसोटीत उपाहार ४० मिनिटांचा, चहापान २० मिनिटांचं. टी-ट्वेंटीत दोन डावांमध्ये साधारण २० मिनिटं, फुटबॉलमध्ये १५, कबड्डीत ५. आयपीएलमध्ये शिवाय दर डावात अडीच मिनिटांचे दोन स्ट्रॅटेजिक टाइमआउट. गाणं निवडायचं ते या आकड्यांवरून.

चाळीस मिनिटांत विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) मिळून एक पुरा ख्याल बसतो. मात्र रेकॉर्डिंगची लांबी आधी बघा. पन्नास मिनिटांचा राग चाळिसाव्या मिनिटाला तोडावा लागला तर नेमकं द्रुत सुरू होऊन रंग भरलेला असतो. सरळ ३२ ते ३५ मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. पाच मिनिटं चहाला, पाणी प्यायला लागतातच. वीस मिनिटांत मध्यलयीतली एखादी बंदिश किंवा दोन ठुमऱ्या. कबड्डीच्या पाच मिनिटांत एक भावगीत, त्याहून जास्त हावरटपणा नको.

अडीच मिनिटांच्या टाइमआउटला ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्यांच्या जमान्यातली गाणी आठवतात खरी, पण दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची असते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा साडेतीन मिनिटांची. म्हणजे शेवटची तान आणि पुढचा चेंडू एकमेकांवर आदळणार. आमचं मत विचाराल तर टाइमआउटमध्ये आवाज बंद करून नुसतं बसावं. कानालाही उसंत लागते.

सामना कुठे आहे ते बघा, मग राग

ही सगळ्यात मजेची बाजू. रागांना प्रहर असतात, म्हणजे दिवसातली ठरलेली वेळ, आणि कसोटीच्या वेळा देशागणिक बदलतात, त्यामुळे दौऱ्यागणिक मध्यंतरातले राग बदलतात.

भारतात कसोटी बहुधा साडेनऊला सुरू होते. उपाहार ११:३० ते १२:१०, तेव्हा सारंगाचे प्रकार: वृंदावनी किंवा शुद्ध सारंग. चहापान २:१० ला, भीमपलासीची वेळ.

इंग्लंडमध्ये उन्हाळी कसोटी तिथल्या अकराला, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला. उपाहार आपल्याकडे ५:३० ते ६:१०. मुलतानीसाठी याहून नेमका मुहूर्त शोधून सापडणार नाही. चहापान ८:१० ला येतं, तिथे यमन किंवा भूप. खेळ रात्री साडेदहाला संपतो, मग झोपेपर्यंत बागेश्री लावायला हरकत नाही.

मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते. उपाहार ७:०० ते ७:४०. इथे अहिरभैरव लावा किंवा आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या उरका. चहापान ९:४० ला, तोडीची वेळ. षटकं वेळेत टाकली गेली तर बाराला खेळ संपतो आणि उरलेला दिवस मोकळा.

पाऊस, संथ षटकगती किंवा नऊ गडी बाद असताना लांबवलेलं सत्र यांमुळे वेळा सरकतात. म्हणून रांगेत एक लांब आणि एक आखूड असे दोन पर्याय तयार ठेवा.

खेळ चालू असताना काय लावावं

शब्द असलेलं काहीच नको. वाद्यसंगीत लावायचंच असेल तर फक्त कसोटीत आणि फक्त आलाप: सुरबहार, रुद्रवीणा, बासरी. तबला सुरू झाला की कान समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायला लागतो आणि डोळे चेंडूची. दोन्ही एकाच क्षणी येत नाहीत, आणि त्या ओढाताणीने डोकं शिणतं.

लयीचा हिशेब करून बघा. कसोटीत दिवसाला सहा तासांत ९० षटकं, म्हणजे षटकाला ४ मिनिटं, चेंडूला ४० सेकंद. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत २० षटकांना ८५ मिनिटं मिळतात, म्हणजे चेंडूला साडेबेचाळीस सेकंद. टी-ट्वेंटीचा चेंडू कसोटीपेक्षा लवकर पडत नाही. आपल्याला घाई वाटते ती फटक्यांमुळे आणि मधल्या कर्कश संगीतामुळे. किराणा घराण्याच्या अतिविलंबितात एकतालाचं एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) पाऊण ते एक मिनिट घेतं. दोन चेंडूंमधलं अंतर साधारण तेवढंच. ज्याला विलंबित ऐकण्याची सवय आहे त्याला संथ कसोटीचा कंटाळा येत नाही, यात काही नवल नाही.

कबड्डीची चाल वेगळी. चढाई ३० सेकंदांची, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, उसंत नाहीच. इथे दुसरं काही लावू नका.

समालोचन बदलायचं असेल तर

टीव्हीवरचं समालोचन नकोसं झालं की दोन वाटा. मोबाइल ॲपवर सामना बघत असाल तर आधी भाषेचा पर्याय तपासा, काही स्पर्धांना मराठी समालोचन असतं. दुसरी वाट म्हणजे चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा. इथे गाडी अडते ती वेळेच्या अंतरावर. एफएमचा आवाज टीव्हीच्या चित्राआधी येतो आणि इंटरनेटवरून येणारं चित्र तर वीस-तीस सेकंद मागे असू शकतं. रेडिओवर 'आउट' ऐकू येतं तेव्हा पडद्यावर गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत असतो.

जुळवणी अशी करा. मोबाइलचं स्टॉपवॉच उघडा. रेडिओवर बॅटचा 'टक्' ऐकू आला की सुरू, पडद्यावर चेंडू बॅटला लागला की बंद. चित्र आधी येत असेल तर याच्या उलट. चार चेंडूंची सरासरी काढा. मग जे पुढे आहे त्याला तेवढं थांबवायचं:

– चित्र पुढे असेल तर सोपं. ॲपवर किंवा रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट-टॉप बॉक्सवर तेवढे सेकंद 'पॉज' करून पुन्हा चालू करा.

– आवाज पुढे असेल तर एफएम संच उपयोगाचा नाही, त्याला थांबवता येत नाही. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' उघडून रेडिओच्या थेट प्रक्षेपणाचा दुवा टाका. 'शो मोअर ऑप्शन्स'खाली 'कॅशिंग'चा आकडा मिलिसेकंदांत असतो. बारा सेकंद उशीर हवा तर १२००० लिहा, सुरू करा आणि पुन्हा मोजा. इंटरनेट रेडिओचा स्वतःचा उशीर त्यात मिसळतो, म्हणून पहिल्या फटक्यात क्वचितच जुळतं.

आवाज चित्राच्या अर्धा-एक सेकंद मागे राहिला तर खपतो, कारण समालोचक तसाही घडल्यावर बोलतो. पुढे गेलेला मात्र अजिबात खपत नाही, निकाल आधीच फुटतो. नेट अडखळलं किंवा ॲपने जाहिरातीनंतर थेट प्रक्षेपणावर उडी मारली की अंतर बदलतं आणि मोजणी पुन्हा करावी लागते.

फक्त प्रेक्षकांचा गलका हवा असेल तर जुन्या होम थिएटरवरचं 'कराओके' किंवा 'व्होकल कट' बटण वापरून बघा. समालोचन डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. एका बाजूतून दुसरी वजा केली की ते बरंचसं पुसलं जातं आणि मैदानाचा आवाज उरतो. त्याबरोबर खर्जही जातो आणि आवाज पोकळ होतो, ती किंमत. प्रक्षेपण मोनो असेल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असेल, तर जवळजवळ सगळंच गायब होईल.

आणखी एक बटण लक्षात ठेवा: टीव्ही किंवा साउंडबारवरचा 'नाइट मोड'. रात्री सामना बघताना तो चालू असावा, जाहिरातींचा आवाज अंगावर येत नाही. पण त्याच साउंडबारवर गाणं लावण्याआधी तो बंद करा. नाहीतर गायक श्वासाला थांबला की मागचा तंबोरा फुगून वर येतो आणि पुन्हा सूर लागताच दबतो. बरेच जण रेकॉर्डिंगला नावं ठेवतात, दोष असतो या बटणाचा. ब्लूटूथ हेडफोनवर चित्र-आवाज जुळत नसेल तर टीव्हीतल्या 'ऑडिओ डिले'मध्ये शोधत बसू नका. त्या सेटिंगने बहुधा आवाज आणखी मागेच ढकलला जातो. सरळ वायर लावा.

बातम्या

बातम्यांना दिवसातून दोनदा दहा मिनिटं पुरतात. आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र साधारण तेवढंच असतं: एक आवाज, मागे ढोल नाही, चार चौकटींत चार जण भांडत नाहीत. सविस्तर हवं ते सकाळी पेपरात वाचा. वृत्तवाहिनी बघावीच लागली, निवडणुकीचा निकाल किंवा पुराच्या दिवशी लागते, तर आवाज बंद करून खालची पट्टी वाचा. वाहिन्यांवरची निम्मी घाई त्या पार्श्वसंगीतात असते.

मोबाइलवर वृत्त-ॲपच्या सूचना सरसकट बंद करू नका. सेटिंगमध्ये ॲपच्या सूचनांचे प्रकार वेगळे दिसत असतील तर 'ब्रेकिंग' आणि 'मनोरंजन' बंद, हवामानाचा इशारा चालू. सामन्याच्या वेळी धावसंख्येच्या ॲपची सूचनाही बंद ठेवा, ती चित्राच्या आधी पोचते. व्हॉट्सॲपचे गट आठ तासांसाठी म्यूट करा. एक दिवसीय सामना त्यात पुरा होतो. कुटुंबाच्या गटातले उत्साही काकाच विकेट आधी फोडतात.

मैदानात जाणार असाल तर

वानखेडे असो की गहुंजे, ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोरची जागा टाळा. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात. बोटांत पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत २०–३० सेकंद दाबून धरा. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर काही उपयोग नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा मानतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. कानात घंटी वाजत घरी आलात तर त्या रात्री हेडफोन लावू नका.

पाऊस आला तर

हे मध्यंतर मोजता येत नाही, म्हणून मल्हाराचा एखादा लांब ख्याल बाजूला काढून ठेवा. पंच खेळपट्टीची पाहणी कधी करणार ती वेळ पडद्यावर येते. तिच्या पाच मिनिटं आधीचा गजर लावा आणि टीव्ही बंद करा. टी-ट्वेंटीत निकालासाठी दोन्ही संघांना किमान पाच-पाच षटकं मिळावी लागतात; त्यासाठी पंच शेवटची एक मुदत ठरवतात आणि समालोचक ती सांगतात. ती टळून गेली की गजर काढून टाका आणि द्रुत पूर्ण ऐका.