सिरियाच्या कांड्या की घन? उत्प्रेरकाच्या पृष्ठफलकांचा परिणाम कसा तपासावा

सिरियम ऑक्साइडचे, म्हणजे सिरियाचे, रासायनिक सूत्र तेच राहिले तरी कणांचा आकार बदलताच कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करण्याची त्याची क्षमता बदलते, कारण या अभिक्रियेत पृष्ठभागावरचा ऑक्सिजन स्वतः खर्ची पडतो, त्याच्या जागी रिक्ती, म्हणजे रिकामी जागा, तयार होते आणि वायूतला ऑक्सिजन ती भरून काढतो. मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये व्हॅनेडियम ऑक्साइडच्या संदर्भात ही यंत्रणा मांडली. स्फटिकाच्या सपाट बाजूंना फलक म्हणतात आणि १११, ११०, १०० हे आकडे त्यांची दिशा सांगतात. सिरियाचा १११ फलक सर्वांत स्थिर असल्याने त्यावरून ऑक्सिजन सुटणे अवघड असते. ११० आणि १०० फलकांवरून तो तुलनेने सहज सुटतो.

कांड्या आणि घन यांच्या तुलनेसाठी सिरियम नायट्रेट आणि सुमारे ६ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड यांचे मिश्रण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) २४ तास ठेवावे. सुमारे १०० अंश सेल्सिअसला कांड्या, तर १८० अंशांना घन मिळतात. घनांवर प्रामुख्याने १०० फलक असतो. कांड्यांवर ११० असतो असे सरसकट गृहीत धरू नये, कारण अनेक नमुन्यांत १११ फलक आणि स्फटिकरचनेतले भरपूर दोषही आढळतात. म्हणून अणूंच्या जाळीच्या रेषा दाखवणारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे घेणे अनिवार्य आहे. मुंबईतील विद्यार्थ्यांना त्यासाठी पवईच्या आयआयटीतील ‘सैफ’ या विश्लेषण उपकरणांच्या केंद्राकडे नमुने देता येतात. त्याआधी नमुना धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवावा. शिल्लक सोडियम पृष्ठभागाचे वर्तन बदलतो आणि खापर मात्र फलकाच्या माथी फोडले जाते. दोन्ही नमुने एकाच तापमानाला, शक्यतो ४०० अंशांच्या आसपास, भाजावेत. फार वर गेल्यास कांड्या आपला आकार गमावतात.

यानंतरची पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा घाईत सुटते. घनांचे कण सहसा मोठे असल्याने त्यांचे प्रतिग्रॅम क्षेत्रफळ कमी असते, त्यामुळे केवळ समान वजन घेऊन कांड्या सरस ठरवणे म्हणजे फलकाचे नव्हे, क्षेत्रफळाचे मोजमाप होय. बीईटी पद्धतीने, म्हणजे पृष्ठभागावर किती वायू चिकटतो हे मोजून, क्षेत्रफळ काढून अभिक्रियेचा वेग दर चौरस मीटरला मांडावा. तो वेगही कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर १० ते १५ टक्क्यांच्या आत असतानाच मोजावा, कारण त्यापुढे उष्णता आणि वायूच्या विसरणाचे परिणाम आकड्यांत मिसळण्याची शक्यता वाढते.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघडा ठेवलेला सिरिया पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. मग पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल व कार्बोनेट बसतात आणि सक्रिय जागा अडतात. नमुना डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवावा, आणि चाचणीपूर्वी रिॲक्टरमध्येच कोरड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात सुमारे ४०० अंशांना तापवून, बाहेर न काढता इच्छित तापमानाला आणावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि १२०० पीपीएम (हवेच्या दर दशलक्ष भागांत १२०० भाग) हे प्रमाण जिवाला तात्काळ धोकादायक मानले जाते. त्यामुळे फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर खेचणारी बंदिस्त जागा) आणि गजर देणारा संवेदक नसेल तर प्रयोग सुरूच करू नये.

चाचणी संपल्यावर दोन्ही नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. कांड्यांच्या कडा गोलावल्या असतील किंवा नवे १११ फलक दिसत असतील, तर मोजलेला वेग मूळ आकाराच्या नावे नोंदवू नये.