मसाल्याचा ॲपल पाय: या चुका टाळा

दसऱ्याच्या सुमारास बेळगाव-खानापूरच्या बाजारात काश्मीर-हिमाचलची सफरचंदं भरपूर असतात. ॲपल पायला हेच दिवस चांगले. तो बिघडतो मुख्यतः पारीत, कारण आपला हात करंजीचा.

करंजीला गरम मोहन लागतं. इथे सगळं गारच हवं. २२ सेंमीच्या टिनला ३०० ग्रॅम मैदा, फ्रिजमधलं १७० ग्रॅम घट्ट बटर. ते पिठात चोळताना वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि साट्याच्या करंजीसारखे पदर सुटतात. बोटांच्या उबेनं बटर विरघळलं, तर पदर गेलेच. घरचं लोणी वापरणार असाल, तर गार पाण्यात धुऊन, दाबून ताक पूर्ण काढा आणि फ्रिजमध्ये घट्ट करा. बर्फाचं पाणी ५-६ मोठे चमचे, गोळा जेमतेम जमेल इतकंच. तिंबू नका. तिंबलेली पारी चिवट होते आणि भाजताना आकसून टिनच्या कडेवरून खाली घसरते. गोळ्याला तासभर फ्रिजमध्ये विश्रांती द्याच.

तळ ओला राहतो तो सफरचंदाच्या रसामुळे. किलोभर फोडींना १०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा. सुटलेला रस निथळून, निम्मा होईपर्यंत आटवा, गार करा आणि फोडींत परत घाला. मग दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. नुसती लाल, गोड सफरचंदं लगदा होतात, म्हणून निम्मी हिरवी, आंबट घ्या.

मसाला: दालचिनी पूड १ छोटा चमचा, दोन लवंगांची पूड, जायफळ पाव चमचा. जायफळ वाढलं की कडवट लागतं.

ओव्हन आधी २०० अंशांवर पूर्ण तापवा, आत ट्रेही तापू द्या. त्या तापल्या ट्रेवर, खालच्या कप्प्यात टिन ठेवा. वरच्या पारीला चार चिरा हव्यातच, नाहीतर वाफ कडेनं फुटते. २० मिनिटांनी १८० अंश करून आणखी ४० मिनिटं. रंग आला म्हणून काढू नका. चिरांतून रस रटरटताना दिसला पाहिजे, त्याशिवाय कॉर्नफ्लोअर घट्ट होत नाही. कडा करपायला लागल्या तर फॉइल झाका. मध्येच करंट गेला तर दार उघडू नका.

तीन तास गार होऊ द्या. गरम कापलात तर सारण ताटभर वाहतं.