स्क्रोल सॉचं ब्लेड सारखं तुटतंय? या चुका टाळा

गणपती दीड महिन्यावर आले की माझ्याकडे एकच तक्रार घेऊन माणसं येतात: स्क्रोल सॉचं, म्हणजे प्लायमध्ये बारीक जाळी कापणाऱ्या करवतीच्या मशीनचं, ब्लेड टिकत नाही. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या गिरगावातल्या वाड्यांमध्ये प्लायची मखरं करणारे हात वाढलेत. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मशीन नवं, ब्लेडं नवी, डिझाइन मोबाइलवरून उतरवलेलं, आणि तासाभरात चार ब्लेडं तुटलेली, हेही दर वर्षी बघते. त्यावर निदानही ठरलेलं असतं, "माल डुप्लिकेट आहे."

माल खराब निघतो कधीकधी. पण इतकी वर्षं जाळीकाम करताना मला दोष बहुतेक वेळा ब्लेड बसवण्यात किंवा लाकूड ढकलणाऱ्या हातात सापडलाय. म्हणून माझी पहिली विनंती: तुटलेलं ब्लेड लगेच कचऱ्यात टाकू नका. कुठे तुटलंय ते बघा. क्लॅम्पच्या, म्हणजे ब्लेडची टोकं पकडणाऱ्या चिमट्याच्या, तोंडाशी तुटलं असेल तर ताण जास्त झालाय, ब्लेड तिरकं पकडलं गेलंय किंवा बसवताना तिथे मुडपलंय. मधोमध तुटलं असेल तर ब्लेड बोथट झालंय, तापलंय किंवा तुम्ही ढकलताय. आणि ब्लेड अख्खंच क्लॅम्पमधून निसटून आलं असेल, तर ते तुटलेलंच नाही. त्याचं कारण वेगळं, ते पुढे सांगते.

ढकलणं

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चतुर्थीला चार दिवस होते. शेजारच्या वाडीतला एक मुलगा रात्री साडेनऊला दारात उभा. "काकू, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून डझनभर ब्लेडं आणली होती. संध्याकाळपासून सगळी गेली. दुकानदाराने फसवलं."

"तुकडे कुठायत?"

"टाकले."

"जा, घेऊन ये."

डब्यातून काढून आणले. वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. तीन क्लॅम्पजवळ तुटलेले, बाकीचे नऊ बरोबर मधोमध. त्या नऊ तुकड्यांच्या टोकांना निळसर-जांभळी झाक होती. पोलाद साधारण 300 अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो. दुकानदार बिचारा निर्दोष होता.

मी त्याच्या घरी गेले. गॅलरीत मशीन, त्यावर 6 मिमी प्लायचे दोन तुकडे एकावर एक चिकटवलेले, म्हणजे एकूण 12 मिमी जाडी. ब्लेड 1 नंबरचं, केसासारखं बारीक. "चालव," म्हटलं. त्याने दोन्ही अंगठे प्लायच्या मागे लावले आणि असा जोर दिला की नखं पांढरी पडली. ब्लेड मागे धनुष्यासारखं वाकत होतं. जळक्या लाकडाचा वास सुटला होता.

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. ब्लेड कापतं ते खाली जाताना. वर येताना ते फक्त पुढच्या फेरीसाठी परत येत असतं. तुम्ही सतत रेटा दिलात तर वर येतानाही दात लाकडावर घासत राहतात, भुसा बाहेर पडायला जागा मिळत नाही, पातं तापतं आणि तापलेलं, वाकलेलं पातं तुटतं. तुमचं काम लाकडाला दिशा देणं. बोटांनी प्लाय टेबलावर हलकेच दाबून ठेवा आणि ब्लेडने जेवढं खाल्लं तेवढंच पुढे जाऊ द्या. जोर लावल्याशिवाय पुढे जात नसेल तर ब्लेड संपलंय किंवा त्या जाडीला ते बारीक पडतंय.

माझ्याकडचं 5 नंबरचं, त्याहून जाड ब्लेड लावलं, ताण दिला आणि त्याला फक्त अंगठे काढून बोटं वर ठेवायला सांगितली. अर्ध्या तासात कमानीची एक बाजू झाली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली म्हणून थांबलो, उरलेलं दुसऱ्या दिवशी. दोन ब्लेडांत कमान पूर्ण झाली.

घाई मला समजते. गणपतीची तारीख पुढे जात नाही. पण घाई असेल तर डिझाइनमधली चार भोकं कमी करा. ब्लेडवर ती घाई काढू नका.

ताण: तुणतुण्याची तार आठवा

नवशिके ताण कमी ठेवतात, कारण "जास्त ओढलं तर तुटेल" ही भीती. होतं उलटं. सैल पातं लाकडात इकडेतिकडे भरकटतं, वळणावर पिळवटतं, आणि पीळ बसला की गेलंच. शिवाय रेघही सरळ येत नाही.

मी मोजमाप करत नाही, कानाने बघते. मशीनचा प्लग काढायचा, ब्लेड बसवायचं आणि मागच्या बाजूने, दात नसलेल्या कडेला, नखाने छेडायचं. तुणतुण्याची तार लावताना जसा उंच, स्वच्छ "टिंग" येतो, तसा आला पाहिजे. "थप्प" असा मेलेला आवाज आला तर आणखी ओढा. मग बोटाने बाजूला रेटून बघा. 2-3 मिमीच्या पुढे सरकता कामा नये. कापायला लागल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा एकदा छेडा, कारण नवं ब्लेड थोडं सैलावतं. हे पुन्हा छेडणं कोणीच करत नाही, आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. दहा सेकंदांचं काम आहे.

काम संपलं की ताण सोडा. रात्रभर ओढून ठेवलेलं ब्लेड आणि क्लॅम्प दोन्ही थकतात.

क्लॅम्पमधून निसटणं

नव्या ब्लेडांना गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते न पुसता बसवलं की टोक घसरतं. लोक मग पान्ह्याने स्क्रू इतका आवळतात की क्लॅम्पचे आटे जातात. टोकं फडक्याने कोरडी पुसा, दोन्ही टोकांवर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा. क्लॅम्पच्या आतल्या बाजूलाही पेपर फिरवा, तिथेही तेलकट भुसा साचतो. एवढ्यावर बहुतेकांचं निभतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ब्लेड उलटं लावणं. दात खाली रोखलेले हवेत. समजत नसेल तर शर्टाच्या बाहीवर हलकेच ओढून बघा, ज्या दिशेला कापड अडकतं ती दातांची दिशा. रिव्हर्स टूथ ब्लेडमध्ये अगदी खालचे काही दात वर रोखलेले असतात, ते बघून गोंधळू नका.

कोपऱ्यावर झटकन वळणं. पुढे जाणं आधी थांबवा, ब्लेड चालू राहू द्या आणि त्याच्याभोवती लाकूड फिरवा.

लाकूड उडणं. प्लाय एकदा टेबलावरून उचलला गेला आणि आपटला की पातं तिथेच जातं. दाबून धरा, मशीनला दाबपट्टी असेल तर ती काढून ठेवू नका.

जाड सागवानावर बारीक ब्लेड, किंवा 3 मिमी प्लायवर दात मोठे असलेलं ब्लेड. दोन्ही चूक. पातळ लाकडात निदान तीन दात एका वेळी अडकलेले हवेत.

स्वस्त प्लाय. आत पोकळ्या आणि गोंदाच्या कडक गाठी असतात. त्या पोकळीतून गेलेलं ब्लेड पुढच्या थरावर धाडकन आदळतं. जाळीसाठी प्लाय घेताना कडेने थर बघा. मी डिझाइनच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेपही लावते, जळणं कमी होतं.

हलणारं मशीन. गॅलरीतल्या डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नका. बोल्ट मारा, निदान जाड रबरी चटई घाला.

पावसाळा. मुंबईच्या दमट हवेत उघडं पाकीट जुलैत गंजतं, आणि गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. मी ब्लेडं औषधाच्या काचेच्या बाटलीत ठेवते, आत बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी.

हे सगळं करूनही क्लॅम्पजवळच तुटत असेल, तर वरचा आणि खालचा क्लॅम्प एका रेषेत नाहीत असं समजा. टेबलावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) उभा करून ब्लेडला लावा, आधी समोरून, मग बाजूने. फट दिसली तर ब्लेड बदलून उपयोग नाही, मशीन नीट करून घ्या.

ब्लेड बोथट झालं तर ते जपू नका. रोज वापरणाऱ्याचं एक ब्लेड साधारण अर्धा तास टिकतं, कडक लाकडात त्याहून कमी. डझनाने येणारी वस्तू आहे ती. फक्त तुकडे बघून झाले की सुक्या कचऱ्यात मोकळे टाकू नका. आमच्या वाडीतल्या सफाईवाल्या मावशींच्या बोटात असाच एक तुकडा घुसला होता, तेव्हापासून मी सगळे तुकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवते आणि डबा भरला की टेपने बंद करून भंगारवाल्याला देते.