स्वयंसेवकांचे मोफत वॉकी-टॉकी जाळे कसे उभारावे

यंत्रे विकत घेण्याआधी उत्तर देणारी माणसे शोधा. अडचणीत कुणी रेडिओवर हाक मारली आणि तिकडून कुणीच बोलले नाही, तर तो माणूस पुन्हा रेडिओ हातात घेत नाही. म्हणून दिवसातला एक तास ठरवा आणि त्या वेळी ऐकत बसतील अशा पाच-सहा जणांपासून सुरुवात करा.

पुढची पायरी परवान्याची. नियम देशागणिक बदलतात. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवर अर्ध्या वॅटचे संच विनापरवाना चालतात. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात पाच वॅटपर्यंत मुभा आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओसाठी मात्र परीक्षा द्यावी लागते आणि त्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही. शेतमालाच्या सौद्यासाठीही जाळे वापरायचे असेल, तर वेगळा परवाना घ्यावा लागेल. हे काम आधी उरका.

आता जागा. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॅटपेक्षा उंची जास्त कामाची. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणले की क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. २ मीटरवरचा हातातला संच जेमतेम ६ किलोमीटर पाहतो, तर भोवतालच्या सपाटीपासून १०० मीटर उंच टेकडीवरचा अँटेना ४१. मध्ये डोंगर आला की हा हिशेब कोलमडतो. त्यामुळे दोन संच घेऊन वाड्यावस्त्यांवर स्वतः हिंडा आणि कुठून आवाज पोहोचतो ते नकाशावर खुणा करून ठेवा.

टेकडीवर बसवायचा तो रिपीटर. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच बोलणे जोरात प्रसारित करतो. दोन्ही कामे एकाच अँटेनावर करायची तर डुप्लेक्सर, म्हणजे येणारी आणि जाणारी लहर वेगळी ठेवणारा फिल्टर हवा, आणि तो तुमच्या फ्रिक्वेन्सींना जाणकाराकडून जुळवून घ्या. केबलमध्ये काटकसर करू नका. १५० मेगाहर्ट्झला आरजी-५८ जातीची ३० मीटर बारीक केबल जवळपास तीन-चतुर्थांश शक्ती वाटेतच खाते. जोडण्यांत पाणी शिरू देऊ नका. खांबाला चांगले अर्थिंग करा, वीज उंचावरच पडते.

बॅटरीचा हिशेब कागदावर मांडा. समजा रिपीटर ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना ५ अँपिअर घेतो आणि दिवसाचा पाचवा भाग बोलतो. मग रोजचे सुमारे ३४ अँपिअर-तास झाले. बॅटरी सौर पॅनेलवर भरायची असेल तर तीन ढगाळ दिवसांचे १०० धरा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून २०० ची घ्या. वापरणाऱ्यांना जाळे मोफत असले, तरी काही वर्षांनी ही बॅटरी बदलावी लागतेच. तो पैसा कुठून येणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

बोलायची शिस्त सगळ्यांना प्रत्यक्ष करून दाखवा. आधी ऐका. बटण दाबून एक सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द तुटतो. ज्याला हाक मारायची त्याचे नाव आधी, आपले नंतर. बोलून झाले की ‘ओव्हर’. मग दोन सेकंद मोकळे सोडा. तेवढ्यात कुणी अडचणीतला माणूस मध्ये बोलू शकतो. हे ऐकणारे कितीतरी असतात, तेव्हा रोग्याचे नाव किंवा घरात कुणी नाही असली गोष्ट हवेत सांगायची नाही. कुणाचे बटण चुकून दाबलेले राहिले तर सगळे जाळे अडकते. रिपीटरला तीन मिनिटांचा कट-ऑफ लावून ठेवा, म्हणजे तेवढ्या वेळाने तो प्रसारण आपोआप थांबवेल.

रिपीटरची किल्ली आणि सेटिंगची वही निदान दोघांकडे असू द्या.

आणि महिन्यातून एकदा रिपीटर मुद्दाम बंद करा. त्या दिवसाची हजेरी थेट चॅनेलवर, संचावरून संचावर घ्या. कोणत्या वस्त्या एकमेकींना ऐकू येत नाहीत ते लगेच कळेल. अशा प्रत्येक जोडीसाठी मधला निरोप पोहोचवणारा एक माणूस नेमा आणि त्याचे नाव नकाशावर लिहा.