तळ्यात पडलेला पाचोळा कोण खातं? जाळीच्या पिशव्यांनी मोजण्याची रीत

काठावरच्या झाडांचा पाचोळा तळ्यात पडतो, कुजतो, दिसेनासा होतो. जिवाणू-बुरशीने त्याचा कार्बन डायऑक्साइड करून हवेत सोडला, झिंग्या-गोगलगायींनी तो खाल्ला, की गाळाखाली गाडला गेला, हे नुसतं बघून कळत नाही. जाळीच्या पिशव्या लावतात त्या याचसाठी. इथली रीत भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांसारख्या (मालगुजारांच्या काळातले जुने सिंचन तलाव) उथळ, गाळ असलेल्या पाण्याला धरून आहे.

पानं दोन झाडांची घ्या, एक लवकर कुजणारं आणि एक चिवट. करंज आणि ऐन ही जोडी जमते: करंज शेंगवर्गातला, त्याच्या पानात नायट्रोजन जास्त, ऐनाचं पान जाड आणि टॅनिनचं. पानगळीच्या दिवसांत झाडाखाली चादर पसरून फांदी हलवा आणि पिकून पडतील तीच पानं उचला. जमिनीवरच्या पानांत बुरशी आधीच शिरलेली असते. हिरवं पान तोडलं तर तेही चालत नाही, कारण झाडाने त्यातला नायट्रोजन अजून परत ओढून घेतलेला नसतो. पानं सावलीत खडखडीत वाळवून कागदी पिशव्यांत भरून ठेवा.

पिशव्या १५ × २० सेंटिमीटरच्या शिवा. निम्म्या ८ मिलिमीटर छिद्रांच्या नायलॉन जाळीच्या, निम्म्या मत्स्यबीजाच्या हाप्याला (पिल्लं ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याला) वापरतात तसल्या अर्ध्या मिलिमीटरच्या. मोठ्या छिद्रांतून किडे, झिंगे आत जातात. बारीक जाळीत जवळपास सूक्ष्मजीवच पोहोचतात. प्रत्येकीत ५ ग्रॅम पानं मोजून घाला. वजन झाल्यावर पानांवर पाण्याचा हलका फवारा मारा, नाहीतर भरतानाच चुरा होतो. दोन झाडं, दोन जाळ्या, काढण्याचे चार दिवस (१, ७, २१, ४२) आणि प्रत्येकी चार पिशव्या, अशा ६४ होतात. शिवाय झाड आणि जाळीच्या प्रत्येक जोडीमागे दोन जादा घ्या: त्या पाण्यात बुडवून लगेच परत आणायच्या. ने-आणीत किती चुरा गळला ते त्यांच्यावरून कळतं आणि तेवढं बाकीच्यांतून वजा करता येतं. नंबर मार्करने लिहू नका, पुसला जातो. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने ठोका.

धानाला पाणी सोडणं थांबलं की, साधारण नोव्हेंबरात, पिशव्या लावा. त्याआधी लावल्या तर पातळी भराभर उतरते आणि पिशव्या उघड्या पडतात. अर्धा ते एक मीटर खोलीवर, विटेला बांधलेल्या दोरीवर, तळापासून वीतभर वर ठेवा. गाळात रुतलेल्या पिशवीला प्राणवायू मिळत नाही. पान काळं पडतं, सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि कुजणं मंदावतं. शिंगाड्याच्या वेलींपासून लांब राहा, आणि मच्छीमार संस्थेला जागा आधीच दाखवा, नाहीतर दोऱ्या जाळ्यांत येतात.

पिशवी थेट वर खेचली की आतले निम्मे किडे पळतात. पाण्यातच तिच्याखाली चाळणी सरकवा आणि दोन्ही एकत्र उचला. पांढऱ्या ट्रेमध्ये पान न पान धुवा. लाल, वळवळणाऱ्या अळ्या (पाण्यात प्राणवायू कमी असला तरी त्या टिकतात), शेपटीला तीन तंतू असलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या, झिंगे, गोगलगायी, जळवा असे गट करून मोजा. उष्ण प्रदेशातल्या पाण्यात पानं कुरतडणाऱ्या अळ्या बरेचदा थोड्याच सापडतात. तेवढ्यावरून प्रयोग फसला असं समजू नका.

उरलेली पानं ६० अंशांवर ४८ तास वाळवून तोला. मग त्यातली १ ग्रॅम पूड जवळच्या कॉलेजच्या भट्टीत ५५० अंशांवर ४ तास जाळा आणि राख वजा करा. ही पायरी गाळली तर पानांना चिकटलेली माती वजनात धरली जाते, आणि ४२व्या दिवसाचं पान २१व्यापेक्षा जड निघतं!

पहिल्या दिवशी वजन एकदम घटेल. ते खाणं नव्हे, विरघळणारे पदार्थ पाण्यात झिरपतात. वेग काढताना उरलेल्या वजनाला सुरुवातीच्या वजनाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम घ्या, दिवसांनी भागा, उणे चिन्ह काढा. समजा ५ ग्रॅमपैकी ४२ दिवसांनी २ ग्रॅम उरले: वेग दिवसाला ०.०२२, म्हणजे निम्मं व्हायला सुमारे ३२ दिवस. ३.५ ग्रॅम उरले तर ०.००८५, सुमारे ८२ दिवस. दोन जाळ्यांतला फरक हा ढोबळमानाने प्राण्यांचा वाटा. ढोबळ एवढ्यासाठी, की बारीक जाळीत पाणीही कमी खेळतं.

पण पिशवीतलं वजन घटलं म्हणजे पान माशाच्या पोटात गेलं, असा निष्कर्ष काढू नका. बराचसा कार्बन सूक्ष्मजीवांच्या श्वसनातच उडतो. झिरपलेल्या द्रव्याने पाणी तपकिरी होतं, उजेड अडतो आणि शेवाळ घटतं. माशांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्लं मुख्यतः त्या शेवाळातून येतात. म्हणून त्याच दिवशी २० सेंटिमीटरची सेकी तबकडी (दिसेनाशी होईपर्यंत दोरीने पाण्यात सोडायची चकती) सोडून पारदर्शकता मोजा आणि पहाटेचा विरघळलेला प्राणवायू बघा. गढूळ तळ्यात तबकडी माती मोजते, रंग नव्हे. रंगासाठी पाणी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळून बघावं लागतं.

माशाच्या शरीरात जमिनीवरच्या वनस्पतींचा वाटा किती, हे समस्थानिकांवरूनच (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) ठरतं. कॅनडातल्या डेझी लेकवरच्या २०१४च्या अभ्यासात लहान पर्च माशांच्या शरीराचा किमान ३४ टक्के भाग जमिनीवरच्या वनस्पतींतून आलेला निघाला, दाट जंगलाजवळ ६६ टक्क्यांपर्यंत. झाडं आणि धान यांचं कार्बन-१३चं मूल्य (जड कार्बन ठरावीक मानकापेक्षा किती कमी-जास्त) उणे २८ प्रति हजारच्या आसपास असतं आणि शेवाळाचं त्यात सहज मिसळतं, म्हणून हायड्रोजनचे समस्थानिकही तपासावे लागतात. भोवती ऊस किंवा ज्वारी असेल तर काम सोपं, कारण त्यांचं मूल्य उणे १२-१३. नमुना पाठीवरच्या पराखालच्या मांसाचा घ्या आणि बर्फात न्या. स्पिरिटमध्ये किंवा फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या मांसाचं मूल्य सरकतं.