या चुका टाळा : सुतारकामाच्या यंत्रांवर स्वस्तात दिवे बसवताना

लेथ (लाकूड फिरवून कातायचे यंत्र), बँडसॉ (अखंड पट्टीच्या पात्याची करवत) किंवा ड्रिल मशीनवर नेमक्या कामाच्या जागी उजेड पाडणारा दिवा बसवणे हे तासाभराचे आणि किरकोळ खर्चाचे काम आहे. कदाचित म्हणूनच ते कसेबसे उरकले जाते आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे हाताला लागेल तो एलईडी दिवा फिरत्या भागावर रोखणे. ज्या दिव्यात धड ड्रायव्हर (एलईडीला स्थिर वीज पुरवणारा भाग) नसतो, त्याचा उजेड ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झच्या विजेवर १२० वेळा कमीजास्त होत असतो. एरवी डोळ्यांना ते कळत नाही. परंतु लेथवर लाकूड पकडून फिरवणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या दर शंभराव्या भागात एका जबड्याच्या जागी पुढचा जबडा येतो, आणि १०० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात तो चक चक्क थांबलेला दिसतो.

हे मला ठाऊक होते, तरीही मी फसलो. छतावरचा दिवा गेलेला असताना अशाच एका दिव्याच्या भरवशावर मी लाकडी वाडगा कातत होतो, आणि लेथ चालू ठेवून हत्याराला धार लावायला वळलो (ही चूक वेगळी, आणि तीही माझीच). भुसा ओढणाऱ्या यंत्राच्या घरघरीत लेथचा आवाज बुडाला होता. परत आलो तेव्हा चक थांबलेला दिसला. जबड्यांच्या कडा जरा धूसर होत्या, एवढेच. मी तळाचा व्यास मोजायला कॅलिपर पुढे केला आणि पुढच्या क्षणी तो हातातून उडून भिंतीवर आदळला. त्याचा एक पाय वाकला. बोटे वाचली ती केवळ कॅलिपर लांब होता म्हणून.

तेव्हापासून मी १२ व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर चालणारा दिवाच घेतो आणि बसवण्यापूर्वी त्याच्या उजेडात पेन्सिल झरझर हलवून पाहतो. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा ठेवायचा, सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो कपाटाच्या आत लावायचा. शिवणयंत्राला लावायचे, वाकत्या दांडीचे छोटे दिवे या कामी छान चालतात, पण पेन्सिलीची परीक्षा त्यांनाही चुकत नाही.

दुसरी चूक जागेची. खूण दिसत नाही म्हटले की नवशिके जास्त वॅटचा दिवा आणतात, आणि मग बिडाच्या चकचकीत टेबलावरून उजेड थेट डोळ्यांत येतो. शिसपेन्सिलीची रेघ उजळण्यासाठी उजेड बाजूने, तिरपा आणि कमी उंचीवरून यावा लागतो, आणि ज्या हाताने लाकूड ढकलायचे त्याची सावली रेघेवर पडता कामा नये. मी यंत्राची वीज काढून, दिवा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन, लाकूड पात्यापर्यंत चार-पाच वेळा सरकवून पाहतो आणि ठरलेल्या जागी खडूने खूण करतो. यात दहा मिनिटे जातात. ज्यांना तेवढाही धीर नसतो, ते आधी भोक पाडतात आणि मग दुसरे भोक पाडतात.

लोहचुंबकाचा दिवा यंत्राच्या थरथरीने हळूहळू सरकतो, म्हणून त्याला पात्यापर्यंत पोहोचणार नाही एवढी आखूड दोरी बांधावी. दुहेरी चिकटपट्टी भुशाच्या थरावर टिकत नाही. पत्रा आधी स्पिरिटने पुसावा. तापणारा हॅलोजन दिवा भुशाजवळ नकोच. दिव्याची जोडणी मोटरच्या स्विचवरून घेणे ही चतुराई वाटते खरी, पण पाते बदलताना यंत्र बंद असते आणि उजेड तर तेव्हाच सर्वांत जास्त लागतो. वायर पट्ट्यापासून दूर बांधल्यावर बँडसॉचा वरचा गार्ड आणि ड्रिलचे टेबल एकदा हाताने वरपासून खालपर्यंत फिरवून पाहावे. वायर कुठे ताणली जाते ते तेव्हाच कळते.