एजंट परत विचारत नाही: शेअरभावाच्या टूलचं वर्णन लिहिताना

टेक्निकल रायटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांच्या वाट्याला हल्ली एक काम हमखास येतं: एआय एजंट (म्हणजे पुढचं पाऊल स्वतः ठरवून काम करणारा एआय प्रोग्राम) वापरेल अशा टूलचं, म्हणजे त्याला माहिती आणून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, वर्णन लिहिणं. मी फिनटेकमध्ये, म्हणजे आर्थिक सेवांच्या सॉफ्टवेअरमध्ये, हेच करते. काम दिसायला किरकोळ. टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन, पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती), उत्तराचा नमुना, एवढंच. पण डेव्हलपरला शंका आली तर तो मेसेज टाकून विचारतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही. लिहायचं राहिलेलं तो मनानेच भरतो आणि ठामपणे सांगून मोकळा होतो.

शेअरचा भाव शोधणारं टूल घ्या. टीमकडून पहिलं वर्णन साधारण असं येतं: ‘शेअरचा सध्याचा भाव देते.’ वाक्य बरोबर आहे, उपयोगाचं नाही. भाव कुठला, एनएसईचा की बीएसईचा? या दोन शेअर बाजारांत बरेचदा काही पैशांचा फरक असतो. आणि ‘सध्याचा’ म्हणजे कधीचा? नेहमीचा बाजार साधारण सव्वानऊ ते साडेतीन. रात्री आठला कोणी विचारलं तर शेवटच्या सौद्याचा भाव द्यायचा की क्लोज, म्हणजे दिवसाचा अधिकृत बंद भाव? हे दोन आकडे सहसा जुळत नाहीत, कारण क्लोज वेगळ्या पद्धतीने ठरतो; २०२५ पर्यंत तरी एनएसईवर तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन देणारी) असायचा. उत्तरातल्या फील्डचं (रकान्याचं) नाव नुसतं ‘प्राइस’ ठेवलंत तर एजंट एक आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवणार.

वेळेचंही तसंच. सर्व्हर बहुधा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत बोलतो, तिथे आपला बाजार पहाटे पावणेचारला उघडतो आणि सकाळी दहाच्या सुमारास बंद होतो. त्यात दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग. २०२४ मध्ये ते संध्याकाळी सहा ते सात होतं, २०२५ मध्ये दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. म्हणून बाजार चालू आहे की बंद, हे एजंटला घड्याळावरून ठरवू देऊ नका. उत्तरात वेगळं फील्ड मागून घ्या. डेव्हलपर कुरकुरतील, पण देतील.

सर्वांत जास्त वेळ जातो तो सिम्बॉलमध्ये, म्हणजे बाजारात शेअरला दिलेल्या छोट्या नावात. लोक ‘महिंद्राचा भाव’ म्हणतात. एनएसईवर महिंद्र अँड महिंद्रचा सिम्बॉल आहे ‘एम&एम’. मधलं & चिन्ह एन्कोड न करता (ठरलेल्या कोडमध्ये न बदलता) यूआरएलमध्ये, म्हणजे विनंतीच्या वेब-पत्त्यात, गेलं की सर्व्हर पहिल्या ‘एम’वरच थांबतो आणि पुढचा ‘एम’ नवा पॅरामीटर समजतो. बजाज ऑटोच्या सिम्बॉलमध्ये हायफन आहे. बीएसईवर सहा आकडी कोड चालतो, रिलायन्सचा ५००३२५. झोमॅटो २०२५ मध्ये ‘इटर्नल’ झाली, सिम्बॉलही बदलला, पण एजंटमागच्या एआय मॉडेलच्या डोक्यात जुनंच नाव बसलेलं असू शकतं. बारा अक्षरी आयएसआयएन (शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) कंपनीचं नाव बदललं तरी टिकतो, मात्र स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) होऊन शेअरची दर्शनी किंमत बदलली की तोही नवा मिळतो. त्यामुळे ‘सिम्बॉल आठवणीतून लिहू नये’ असं वर्णनात सरळ बजावायचं.

जुन्या भावांचं टूल असेल तर बोनस आणि स्प्लिट विसरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला आणि भाव साधारण २,६५० वरून १,३३० च्या आसपास आला. आधीचे भाव या बदलाप्रमाणे समायोजित नसतील आणि तसं लिहिलेलं नसेल, तर एजंट ‘शेअर एका दिवसात निम्म्यावर कोसळला’ असा अहवाल देईल, वर दोन कारणंही जोडेल.

एवढं सगळं घेऊन वर्णन असं होतं (प्रत्यक्षात इंग्रजीत असतं):

‘एनएसईवर सूचीबद्ध एका शेअरचा शेवटच्या सौद्याचा भाव रुपयांत देते. भाव १५ मिनिटांपर्यंत जुना असू शकतो, सौद्याची वेळ भारतीय वेळेनुसार सोबत येते. सिम्बॉल आधी शोध-टूलने मिळवावा. जुन्या तारखांचे भाव, म्युच्युअल फंड आणि निर्देशांक यांसाठी हे टूल वापरू नये.’

शेवटचं वाक्य नवखे लिहीत नाहीत. टूल कशासाठी नाही, हे सांगितलं नाही तर एजंट निफ्टीसुद्धा इथेच शोधतो. पण म्हणून बाजाराचा इतिहास कोंबू नका. हे वर्णन सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं आणि प्रत्येक टोकनचे (मजकुराच्या तुकड्याचे) पैसे पडतात.

एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच. नुसता ‘४०४’ (सापडलं नाही) हा कोड वाचून एजंट बरेचदा तेच पुन्हा करून बघतो. ‘हा सिम्बॉल सापडला नाही, शोध-टूल वापरा’ असं लिहिलं तर पुढचं पाऊल बरोबर पडतं. आणि माहिती नसेल तिथे शून्य कधीच पाठवू नये. शून्य हा एजंटच्या लेखी भावच.

कोडिंग किती यावं लागतं, असं बी.कॉम.वाली मुलं विचारतात. जेसन (माहिती मांडण्याचा एक फॉरमॅट) वाचता यावं, स्कीमा (त्या माहितीचा ठरलेला आराखडा) समजावी, एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय) हाताने चालवून बघता यावा. बाकी क्लोज आणि शेवटचा भाव यांतला फरक तुम्हाला आधीच माहीत असेल, तर अर्धं काम झालंय. नमुना म्हणून एक छोटं टूल घेऊन वर्णन लिहा आणि एजंटला मुद्दाम संदिग्ध प्रश्न टाका. ‘एलआयसीचा भाव सांग’ हा माझा आवडता. एलआयसी सूचीबद्ध आहे आणि एलआयसी हाउसिंग फायनान्सही. एजंट न विचारता भलतीकडे गेला तर कोडला हात लावण्याआधी वर्णनातलं कुठलं वाक्य त्याला तिकडे घेऊन गेलं ते शोधा, ते बदला आणि तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये पुन्हा टाका.